स्टेजवरचं स्टिअरिंग

रविवारी सकाळी कामावर निघालेली जागृती मेहेर सारसोळ्याच्या नाक्यावर आली आणि तिने स्कूटरचा ब्रेक करकचून दाबला. मागचा रिक्षावाला शिवी हासडून बाजूने निघून गेला. तिचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. नाक्यावरच्या दोन खांबांच्या मध्ये भलामोठा फ्लेक्स लागला होता. त्यावर तिचा थोरला भाऊ दिपेश, डोळ्यांना काळा गॉगल, हाताची घडी, आणि मागे कुठूनतरी कापून चिकटवलेली लाल रेसिंग कार. ‘ऑनलाइन मोटर रेसिंगचा बादशहा! आपल्या गावचा वाघ दिपेशभाऊ मेहेर यांचा जाहीर सत्कार. आज दुपारी, गावदेवी मैदान.’ खाली शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे. त्यात एक तिच्या वडिलांचा, देवजी मेहेरांचा.

त्या शर्यतींत गाडी दिपेश चालवतच नव्हता. गेली चार वर्षं जागृती चालवत होती.

स्टिअरिंग आणलं होतं दिपेशने, हे खरं. लॉकडाऊनमधली हौस. संगणकाला जोडायचं स्टिअरिंग, पायाशी पेडल, समोर मोठा स्क्रीन. खेळाचं खातंही त्याने स्वतःच्याच नावाने उघडलं. पण दर वळणावर गाडी भिंतीत घालून घालून त्याला लवकरच कंटाळा आला आणि सगळं सामान प्लॅस्टिकखाली गेलं. पुढे जागृती खांदेश्वरचं सासर कायमचं सोडून माहेरी आली. तिच्याकडे लायसन होतं, पण नवऱ्याने गाडीची किल्ली कधी तिच्या हातात दिली नव्हती. बाजूच्या सीटवर पर्स सांभाळत बसायचं, एवढंच तिचं ड्रायव्हिंग. माहेरी एका दुपारी तिने ते प्लॅस्टिक काढलं, आणि बसली ती बसलीच. भंगारवाल्याकडून एका जुन्या गाडीची सीट आणली, वेल्डरकडून लोखंडी चौकट करून घेतली, तिच्यावर सगळं पक्कं बसवलं.

मग ती सह्यकडा लीगमध्ये उतरली. राज्यभरातले गेमर दर रविवारी संध्याकाळी आपापल्या घरात बसून एकाच ट्रॅकवर एकमेकांविरुद्ध गाड्या पळवायचे. हंगामभर गुण साठत जायचे. हेडफोनवर सगळ्यांच्या गप्पा चालायच्या. जागृतीचा माइक मात्र कायम बंद. त्याला कारण होतं. पहिल्याच हंगामात नागपूरची प्रियदर्शिनी नावाची एक मुलगी लीगमध्ये आली होती. ती बोलली आणि पोरांना ऊत आला. “मॅडम, इंडिकेटर दिलात का?” “पोळ्या झाल्या का?” नुसतं बोलून थांबले नाहीत, प्रत्येक वळणावर मुद्दाम तिला धडक द्यायला लागले. थोड्याच दिवसांत ती गेली, परत आली नाही. जागृती दात आवळून ऐकत होती. नवं खातं उघडायचं तर सगळ्यात खालच्या गटापासून सुरुवात, आणि वर हे असलं ऐकायचं. ती ‘दिपेश मेहेर’च राहिली. “क्या बात है दिपेशभाई, काय कट मारलास!” हे दर रविवारी ऐकायचं आणि गिळायचं.

या हंगामात ती पहिली होती. सीवूड्सचा स्वानंद थोड्याच गुणांनी मागे होता आणि शेवटची शर्यत उरली होती, आजचीच. लीगने तिच्या खात्याचं नाव आणि गाव टाकून एक पोस्ट केली आणि दिपेशचा फोन खणखणायला लागला. दिपेश खोल्या आणि प्लॉट मिळवून द्यायचा धंदा करायचा, आणि त्याला वॉर्डाच्या तिकिटाचे वेध लागले होते. ‘तो मी नव्हे’ म्हणायचं त्याला सुचलं नाही.

जागृतीने तिथूनच त्याला फोन लावला.

“दादा, हे काय लावलंयस नाक्यावर?”

“बघितलास? कसा दिसतोय?”

“रेस मी मारते.”

“अगो, खात्यावर नाव माजाच हाय ना? पोरांनी लावला, मी काय बोलू त्यांना? तिकिटाचा चाललाय, तुला माहीत हाय. एका दिवसाचा कार्यक्रम. टेन्शन नको घेऊ.”

“मला विचारायचंस तरी.”

“विचारला असता तं तू हो बोलली असतीस?”

तिने फोन कट केला.

नेरुळच्या एका तपासणी केंद्रात ती एक्स-रे काढायची. त्या सकाळी “श्वास रोखून धरा” असं ती ज्या आवाजात म्हणाली, त्याने एक आजोबा बिचारे मशीन बंद झाल्यावरही श्वास सोडेनात. तिला त्यांची माफी मागावी लागली. मधल्या वेळेत तिने आईला फोन केला. शेवंताबाईंचं म्हणणं सरळ होतं. “भावाचा फोटो लागला तं तुजा काय गेला गो? मेहेरांचाच नाव झाला ना?”

जागृतीने मनाशी ठरवलं, घेऊ दे त्याला शाल. संध्याकाळी सहाला शर्यत आहे, ती जिंकायची, बाकीचं मग बघू. तेवढ्यावर तिने राग कसाबसा दाबून धरला.

दुपारी ती घरी आली आणि आपल्या खोलीत शिरली. संगणक होता, स्क्रीन होता. लोखंडी चौकट गायब होती. सीट, स्टिअरिंग, पेडल, काहीच नव्हतं. संगणकाच्या मागून वायरी नुसत्या लोंबत होत्या.

“आई!”

शेवंताबाई स्वयंपाकघरातून आल्या. “मंडळाची पोरा आली होती. स्टेजवर ठेवायला नेला. कार्यक्रम झाला का सात वाजता आनून देतो बोललं.”

“माझी रेस सहा वाजता हाय!”

“मना काय ठावूक? दिपेशच बोलला त्यांना, घेऊन जा.”

जागृतीने स्कूटरही काढली नाही. मैदान दोन गल्ल्या पलीकडे होतं, ती चालतच सुटली.

मैदानात डीजे दणदणत होता. स्टेजवर मधोमध तिची चौकट ठेवलेली, खाली लाल कार्पेट, स्टिअरिंगला झेंडूचा हार. दिपेश तिच्या सीटवर बसून फोटो काढून घेत होता, स्टिअरिंग उलटसुलट फिरवत, पोरं शिट्ट्या मारत होती. पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर देवजी, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून.

ती पायऱ्या चढून वर गेली. “ऊठ.”

“जागू, तमाशा नको,” दिपेश दातातल्या दातात म्हणाला. “पावने बसलेत.”

“ऊठ माझ्या सीटवरून.”

सूत्रसंचालक हसत हसत माइकवर बोलायला लागला, “आणि या दिपेशभाऊंच्या भगिनी, भावाला ओवाळायला...” जागृतीने त्याच्या हातातून माइक ओढून घेतला.

“मी ओवाळायला आले नाय. ही गाडी मी चालवते. चार वर्षं मी चालवते. ह्याला गिअर कुठला ते माहीत नाय. विचारा त्याला, आज कुठल्या ट्रॅकवर रेस हाय?”

डीजे कोणीतरी बंद केला. दिपेशने माइककडे हात नेला. “लहान बहीण हाय, जरा मस्करी...”

“बाबा!” जागृतीने समोर बघितलं. “तुमी दर रविवारी माझ्या मागं खाटेवर बसता. ‘आतून घे, आतून घे’ बोलता. सांगा ह्यांना, कोन चालवतंय?”

सगळं मैदान देवजींकडे वळलं. देवजींनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. मग मान खाली घालून ते स्वतःच्या चपलांकडे बघत बसले.

फ्लेक्स बघून डोक्यात जाळ झाला होता, रिकामी खोली बघून ती तिरीमिरीत चालत सुटली होती. पण वडिलांची ती खाली गेलेली मान बघून जागृतीच्या आत जे झालं ते वेगळं होतं. तिला रडू आलं नाही. बापाच्या खुर्चीला लाथ मारावीशी वाटली.

तिने हार तोडून खाली टाकला आणि स्टिअरिंगचे स्क्रू फिरवायला लागली. मंडळाचे दोघे पुढे झाले. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून सुचिता उठली, दिपेशची बायको. नऊवारी सावरत, दागिने घालून, नवऱ्याच्या सत्काराला नटून आलेली. ती स्टेजवर चढली आणि तिने पेडल सोडवून काखेत मारले.

“सुचिता!” दिपेश ओरडला.

“काय सुचिता? मी बघते ना रोज घरात,” ती म्हणाली. मग आपल्या बचत गटातल्या बायकांकडे वळली. “बघत काय बसल्यात? लोखंड जड हाय, हात लावा.”

चार बायकांनी चौकट सीटसकट उचलली. पोरं बाजूला झाली. पैठण्या नेसलेल्या बायका गल्लीतून लोखंडी सांगाडा घेऊन चालल्या होत्या, पुढे जागृती, छातीशी स्टिअरिंग धरून. मागे मैदानात परत डीजे सुरू झाला. सत्कार उरकला गेला. पाहुणे आले होते, शाल आणली होती, ती कुणाला तरी घालणं भाग होतं.

खोलीत सगळं जोडेपर्यंत पात्रता फेरी संपली होती. जागृतीला सगळ्यात मागून सुरुवात करावी लागली. स्क्रीनवरचे सुरुवातीचे लाल दिवे विझले, शर्यत सुटली आणि ती रागातच सुटली. एरवी ती थंड डोक्याने चालवायची, समोरच्याची चूक होईपर्यंत वाट बघायची. आज प्रत्येक गाडी तिला दिपेशची वाटत होती. आतून, बाहेरून, फटीतून, मिळेल तिथून ती घुसली. सुचिता दारात उभी होती. “आरं बापरे,” एवढंच ती अधूनमधून म्हणायची.

शेवटच्या टप्प्यात समोर स्वानंद आला. डावं वळण होतं. जागृतीने ब्रेक उशिरा दाबला, फारच उशिरा. तिची गाडी त्याच्या मागच्या चाकावर आदळली, तो गिरकी घेऊन गवतात गेला.

आता ती पुढे होती. अशीच राहिली असती तर हंगाम तिचा होता. हेडफोनमध्ये स्वानंद ओरडला, “दिपेश, काय चाललंय यार!”

ते नाव ऐकलं आणि तिने माइक चालू केला.

“माझी चूक आहे. थांबते मी, जा पुढे.”

तिने गाडी कडेला घेतली. स्वानंद गवतातून बाहेर आला, तिच्या पुढे गेला, मागचे आणखी काहीजणही गेले. मग कोणीतरी विचारलं, “ही कोण?”

“जागृती मेहेर. चार वर्षं तुम्ही मार खाताय तो माझ्या हातचा.”

ती पाचवी आली. हंगाम स्वानंदने जिंकला. शर्यतीनंतर तो म्हणाला, “तुम्ही आधी सांगायला हवं होतं, जागृती. आम्हाला काही प्रॉब्लेम नव्हता.”

“नव्हता? प्रियदर्शिनीला ‘पोळ्या झाल्या का’ कोणी विचारलं होतं?”

विचारणारा स्वानंदच होता.

त्याच आठवड्यात लीगच्या पंचांचा निकाल आला. खातं एकाच्या नावावर, चालवणारी दुसरी, नियमाबाहेर. तिचे सगळ्या हंगामांचे गुण रद्द. स्वतःच्या नावाने खेळायचं असेल तर नवं खातं, शेवटचा गट. निकालात चूक काढायला जागा नव्हती आणि याच गोष्टीची तिला सगळ्यात जास्त चीड आली. दिपेशला काहीच भोगावं लागलं नाही. नाक्यावरचा फ्लेक्स तसाच राहिला. तो तिने स्वतः जाऊन भाजी कापायच्या सुरीने कापून काढला.

देवजी पुढच्या रविवारी चहाचा कप घेऊन खोलीच्या दाराशी आले.

“मी बोलाया पायजे होता,” ते म्हणाले. “पन चार लोकांत, पोराची मान खाली...”

“माझी गेली ती चालली.”

“तसा नाय गो...”

“तसाच हाय, बाबा.” तिने खुर्ची वळवली. “सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाला तेव्हा दादा बोलला हक्क सोड, मी सही केली. त्या प्लॉटवर चार मजले उभे राहिले, सगळ्यांचं भाडं दादा घेतो, मी एक शब्द बोलले नाय. आता तिसऱ्या माळ्यावरची खोली रिकामी झालीय. ती मला पायजे. राहायला नको, नावावर पायजे.”

“दिपेश काय बोलंल?”

“ते तुमी बघा. एकदा तरी बघा.”

घरात आठवडाभर आदळआपट चालली. शेवंताबाई जागृतीशी बोलेनात, दिपेश जेवायला बाहेर. सुचिता मात्र सासऱ्यांच्या मागेच लागली. शेवटी देवजी एकटेच वकिलाकडे गेले. परत आले तेव्हा त्यांनी खोलीची किल्ली जागृतीपुढे ठेवली आणि कागद होतील म्हणाले. तिने किल्ली घेतली. बरं म्हणाली नाही, हसलीही नाही. तो राग एवढ्यात जाण्यातला नव्हता, आणि घालवायची तिला घाईही नव्हती.

त्या शनिवारी तिने ड्रिल मशीन भाड्याने आणलं. चौकट तिसऱ्या माळ्यावरच्या खोलीत मधोमध ठेवली, पायांपाशी खडूने खुणा केल्या आणि पुढच्या भाडेकरूसाठी बसवलेल्या नव्याकोऱ्या टाइल्सना भोकं पाडायला घेतली. दुसऱ्याच भोकाला टाइल तडकली. खालून दिपेश ओरडला, “अरे, फरशी फुटेल ना!”

जागृतीने नाकावरचा रुमाल घट्ट केला, बोल्ट उचलला आणि तिसऱ्या खुणेवर मशीन टेकवलं.