अवतरणचिन्हांतलं नाव

मालाच्या भावाचा फोन आला तेव्हा मी तासाला निघाले होते. "ताई गेली," एवढंच तो म्हणाला... त्या तासाला मी काय शिकवलं, आठवत नाही.

माला आणि मी कोल्हापुरातल्या एकाच कॉलेजात होतो. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची, मी मराठी. राधानगरीकडच्या तिच्या माहेरच्या भातखाचरातल्या चिखलात तिला एक जिवाणू सापडला, आजवर कुणी न नोंदवलेला. त्याचं बारसं करायची वेळ आली तेव्हा तिनं मला शेजारी बसवून घेतलं. अशी नावं लॅटिन वळणाची लागतात, आणि शोधणाऱ्यानं स्वतःचं नाव द्यायचं नसतं, हे मला तेव्हा कळलं. विभागातल्या वरिष्ठांनी आपलं नाव आडून सुचवलं होतं. मालानं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिला आईचं नाव द्यायचं होतं. विचारायला आम्ही दोघी गेलो, तर पार्वतीमावशी म्हशीची धार काढत होत्या. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाला तुझं नाव देते, असं मालानं भीत भीत सांगितलं. मावशींचा हात जरा थांबला. "दिसत न्हाय, पर हाय न्हवं? मग दे की."

शेवटी लॅटिन प्रत्यय लागून 'पार्वतीए' झालं. पण असं नाव मान्य व्हायला तो जिवाणू दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत जिवंत पोचवावा लागतो. ती तयारी चालू असतानाच महापूर आला. वीज गेली ती कितीतरी दिवस आली नाही, आणि फ्रीजरमधलं सगळं मेलं. नाव जाहीर करणारा तिचा लेख तोवर छापून गेला होता. मान्य न झालेलं नाव अवतरणचिन्हांत लिहितात. हेही तसंच राहिलं.

मग तो पुन्हा शोधायला ती त्याच खाचरात जाऊ लागली. चिखल आणायची, त्यातले जिवाणू वाढवून बघायची, दरवेळी दुसरंच काही निघायचं. त्यातच पोटाचा कॅन्सर निघाला. केमो चालू असतानाही ती चिखलात उतरली. मी रागावले तेव्हा शांतपणे म्हणाली, "आईला काय सांगू? तुझ्या नावाचं कुणी उरलं नाही म्हणून?"

आईला तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. परवा मी भेटायला गेले तेव्हा मावशींनीच विचारलं, "त्ये माझ्या नावाचं... जित्तं हाय न्हवं?" मला खोटं बोलवेना. सगळं सांगितलं.

पडवीत मालाचे गमबूट होते, शेवटच्या खेपेचा चिखल वाळून तडकलेला. हाताला काहीतरी काम हवं म्हणून मी ते धुवायला उचलले. मावशी उठल्या आणि त्यांनी ते माझ्या हातून काढून घेतले.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "त्यात आसंल अजून."