चेडू, पुढे 'अशिष्ट'

शाळांसाठी स्थानिक शब्दांची पुस्तिका काढायची, म्हणून तालुक्याच्या कार्यालयाने आम्हा मराठीच्या शिक्षकांना शब्द गोळा करायला सांगितले. मी वालावलला घरीच आईजवळ वही घेऊन बसले. ऐंशी उलटलेली आई हौसेने सांगत होती. जनेल म्हणजे खिडकी, व्हाळ म्हणजे ओढा, झील म्हणजे मुलगा, चेडू म्हणजे मुलगी. वही भरली.

पुस्तिका छापून आली तेव्हा मी आधी न चाळताच तिला मोठ्याने वाचून दाखवू लागले. प्रत्येक शब्दापुढे त्याची जात लिहिली होती : तत्सम, तद्भव, देशी. 'जनेल : परभाषी, अशुद्ध.' मी जरा अडखळले. 'चेडू : अशिष्ट.'

"अशिष्ट म्हणजे काय गो?"

सांगायला नको होतं. सांगितलं.

आई म्हणाली, "मी तुका जल्मभर चेडू म्हटलंय. तां वायट होता?"

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात गेले. साहेब माझ्याहून लहान, बोलायला गोड.

"मॅडम, वर्गीकरण शास्त्रीय आहे."

"तुमच्या कपाटाची चावीसुद्धा पोर्तुगीजांकडूनच आली. ती शुद्ध, आणि आमचं जनेल अशुद्ध?"

"ते बोलीतलं आहे ना."

"आणि चेडू?"

"घाटावरच्या लोकांना ऐकायला कसंतरी वाटेल."

माझं प्रमाण मराठी तिथेच संपलं. "माज्या आवशीचो शब्द आसा तो! तुमी कोण त्येका वायट ठरवणारे?"

शेजारच्या टेबलांवरची माणसं माना वळवून बघू लागली. साहेब म्हणाले, पुढच्या छपाईत बघू.

शाळेच्या वाट्याचा गठ्ठा मी घरी आणला आणि प्रत्येक प्रतीतला 'अशिष्ट' आणि 'अशुद्ध' पेनाने गिरगटून टाकला. कागद फाटेपर्यंत. मध्येच हात थांबला. मुलांच्या निबंधातल्या 'माका'खाली लाल रेघ मारून 'अशुद्ध' लिहिणारी मीच होते. वीस वर्षं. त्यांच्या आयांना काय वाटलं असेल, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

आता शाळेतलं कुणी घरी आलं की आई जपून बोलते. "बसा, चहा आणते." काल तर तिने मला "मुली" अशी हाक मारली. मी तिच्यावर ओरडले.