सामानाजवळ कोण बसणार?

बसस्थानकात चौकशीची खिडकी असते. वर ‘चौकशी’ अशी पाटी आणि पाटीच्या बरोबर खाली, काचेतल्या अर्धगोल फटीमागे एक चेहरा. आमच्याकडे तो चेहरा इतकी वर्षं एकाच बाईंचा होता की पाटी त्यांच्याच नावाची आहे, असं लहान मुलांना वाटायचं. पुढे मोठ्यांनाही तेच सोयीचं पडलं. बाजारात भाजीवाला हाक मारायचा, “ओ चौकशीबाई, मटार कोवळा आहे!” आणि त्या वळून बघायच्या.

त्या माझ्या शेजारी राहतात, भिंतीला भिंत लागून. मी शाळेतून निवृत्त झाले आणि माझ्यामागून थोड्याच दिवसांनी त्याही. खिडकी सुटली, पण चौकशी काही सुटली नाही. सुट्ट्या जवळ आल्या की लोक अजून त्यांच्या दाराशी येतात. मुलाबाळांना घेऊन समुद्रावर जायचंय, कुठला किनारा बरा? सकाळच्या बसने निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचता येईल, एवढ्या अंतरावर आमचा समुद्र. तिकडून परतणाऱ्या प्रवाशांना या बाई खिडकीतूनच विचारून घ्यायच्या. त्यामुळे कुठली वाळू पायाला टोचते, कुठे कमरेएवढं पाणी लागायला पुष्कळ आत जावं लागतं आणि कुठे दोन पावलांत पायाखालची जमीन सरते, अंग धुवायला नळ कुठे आहे आणि कुठल्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ.

पण उत्तर लगेच मिळत नाही. आधी त्यांचा प्रश्न येतो. “बरोबर कोण कोण?” त्यांचं म्हणणं असं की किनारा आपल्या जागी चांगलाच असतो, घेऊन जाता ती माणसं कशी आहेत त्यावर सगळं ठरतं.

परवा कोपऱ्यावरचा न्हावी आला होता. मी त्यांच्या दाराबाहेर ओट्यावरच बसले होते.

“बरोबर कोण कोण?”

“बायको, दोन पोरं, सासूबाई.”

“पोरं केवढी?”

“एक चालतं, एक पळतं.”

“मग खडकाळ नको. उताराचा तर नकोच नको. आणि सामानाजवळ कोण बसणार?”

न्हावी गडबडला. “सामानाजवळ? बसतील की सासूबाई.”

“त्यांना विचारलंत?”

“त्यात काय विचारायचं?”

“विचारून या,” चौकशीबाई म्हणाल्या. त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. “मग सांगते किनारा.”

न्हावी बाहेर येऊन मला म्हणाला, “बाई, यांचं बिनसलंय काहीतरी. मी किनारा विचारतो, तर या सासू विचारतात!”

मी हसले. पण हा सामानाचा प्रश्न त्यांच्या तोंडी कुठून आला, ते मला ठाऊक आहे. थोडं त्यांनी सांगितलं, थोडं मी डोळ्यांनी पाहिलं. लिहू का, असं विचारलं तर म्हणाल्या, “लिहा की. नाव मात्र घालू नका.” मग स्वतःच म्हणाल्या, “नाव उरलंय तरी कुठे मला.”

त्यांच्या घरात यजमान, मुलगा, सून, एक नात आणि यजमानांची धाकटी बहीण. या बहिणीने लग्न केलं नाही. खिडकीशी बसून शिंप्याची काजं-बटणं करण्यात तिचं आयुष्य गेलं. चौकशीबाई तिला ‘वन्सं’ म्हणतात, म्हणून मीही वन्संच म्हणते. मुलाची ती आत्या आणि नातीची आत्याआजी. वन्सं बोलायला मोठ्या मिस्कील. शिंप्याने कापड आखूड कापलं की त्याला म्हणायच्या, “सदरा शिवायचाय की बटणाचं अंगडं?”

हे कुटुंब दर वर्षी समुद्रावर जातं. किनारा अर्थातच चौकशीबाई ठरवणार. तिथे पोचल्यावर एक मोठी सतरंजी झाडाखाली अंथरली जायची. तिच्यावर पिशव्या, डबे, टॉवेल, चपला, घड्याळं, चष्मे. आणि या सगळ्याच्या मध्ये वन्सं. हे कुणी ठरवलं नव्हतं. ते आपोआप घडत गेलं आणि मग तेच रीत झालं. मुलगा लहान होता तेव्हा पाण्याकडे धावता धावता मागे ओरडायचा, “आत्या आहे ना!” मोठा झाल्यावर त्याने आत्याचं नाव ‘लॉकर’ ठेवलं. सगळे हसायचे. वन्संही हसायच्या. “किल्ली हरवली तर उघडायची नाही हं मी,” असं म्हणायच्या.

“तुम्हीही चला की पाण्यात,” असं चौकशीबाई कधी म्हणाल्या नव्हत्या का? म्हणाल्या होत्या. पण ओले केस पुशीत, डब्याचं झाकण उघडीत. म्हणजे निघायच्या वेळेला. वन्संचं उत्तर ठरलेलं. “नको हो वहिनी. मला इथून छान दिसतं सगळं.”

हे असंच चाललं असतं. पण गेल्या वर्षी नातीने एक प्रश्न विचारला.

संध्याकाळची वेळ होती, चहा चालला होता आणि मीही तिथेच होते. नात शाळेतून आली ती वाद घेऊनच. मैत्रिणीचं म्हणणं, समुद्राचं पाणी मिठाइतकं खारट नसतं. नातीचं म्हणणं, असतं. मग तिने घरात मतं घ्यायला सुरुवात केली. आजोबा म्हणाले, खारट म्हणजे काय, कडू म्हण! मुलगा म्हणाला, नाकात गेलं की ब्रह्मांड आठवतं. सून म्हणाली, ओठांवर दुसऱ्या दिवसापर्यंत चव राहते. नात वन्संकडे वळली.

“आत्याआजी, खारट असतं ना गं?”

वन्सं सुईत दोरा ओवत होत्या. “म्हणतात,” त्या म्हणाल्या.

सगळे हसले. आत्याचा हा नेहमीचाच तिरकस विनोद, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. चौकशीबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांच्या हातातला कप वाटेत थांबला होता.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या, उठायच्या बेतात बसावं तशा.

“बाई, काल वन्सं थट्टा करत नव्हत्या.”

“म्हणजे?”

“आज सकाळी मी विचारलं त्यांना. म्हटलं, वन्सं, तुम्ही पाण्यात कधी उतरलातच नाही? तर म्हणाल्या, अहो, सामान होतं ना.” त्यांनी खुर्ची माझ्याकडे ओढली. “नुसतं एवढंच. तक्रार नाही, टोमणा नाही. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं हो.”

वर्गात रोज येणाऱ्या मुलाकडे बघायचं राहून जातं आणि गैरहजर असलेल्याची चौकशी होते, तसं हे झालं असं काहीतरी मी बोलले. त्यांनी ते ऐकलंही नसावं.

“अख्ख्या गावाला मी विचारते, बरोबर कोण कोण? कुणाची पोरं केवढी, कुणाच्या आजीचे गुडघे कसे. आणि माझ्या घरचं माणूस माझ्या मोजणीत सामानात गेलं. झाड मी नेहमी बघून ठेवायचे, बाई. लोकांनाही सांगायचे, अमक्या किनाऱ्यावर जा, सामान ठेवायला झक्क सावली आहे. सामानाला कशाला हो सावली लागते?”

त्या दिवसापासून त्यांची मान जरा खालीच राहिली. घरात वन्संसमोर बसेनात. वन्संनी चहा दिला तर दोन्ही हातांनी घेत, परक्या घरी घ्यावा तसा. वन्संना ते कळलं असणारच. एकदा मला म्हणाल्या, “वहिनींना काय झालंय? मला पाहुण्यासारखं वागवतायत. घरातून काढायचा बेत नाही ना?”

चौकशीबाईंनी किनारा शोधायला घेतला. सोपं नव्हतं, कारण आता वन्संचे गुडघे गेले होते आणि हातात काठी आली होती. मऊ वाळूत काठी रुतते. पायऱ्या चालत नाहीत. लाट अशी हवी की घोट्यापर्यंत येईल आणि ओढणार नाही. फोन झाले, जुन्या वाहकांना विचारून झालं. शेवटी जो किनारा सगळ्यांत योग्य निघाला, तो त्यांच्या नेहमीचाच होता. तिथे आता गाडी थेट वाळूपर्यंत जात होती आणि पाण्याजवळची ओली वाळू फरशीसारखी टणक होती, ती पहिल्यापासूनच.

बेत सांगितल्यावर यजमान म्हणाले, “तिला कशाला आता दगदग?” मुलगा म्हणाला, “आत्याला आवडतं तरी का पाणी?”

“तू विचारलंस कधी?” चौकशीबाई एवढ्या जोरात म्हणाल्या की भिंतीपलीकडे मला ऐकू आलं. मग हळू आवाजात, “मी तरी कुठे विचारलं.”

वन्संनी हात झटकले. “मला नको हो. आणि सामान कोण बघणार?”

“मी.”

“तुम्ही? तुम्हाला नाही जमायचं. सोपं वाटतं का ते?”

मलाही चौकशीबाईंनी बरोबर नेलं. बहुधा त्या घरातल्या माणसांत एकट्या पडायला त्यांना नको होतं.

किनाऱ्यावर पोचल्यावर चौकशीबाईंनी त्याच झाडाखाली सतरंजी स्वतः अंथरली. वन्सं काठीवर रेलून सूचना द्यायला लागल्या. “चपलांचा ढीग नको, जोड्या लावा, नाहीतर निघताना घोळ होतो. चष्मे टोपीत घाला. डब्यांच्या पिशवीवर एक पाय असू द्या, कुत्री येतात. कावळ्याकडे बघू नका, बघितलं की त्याला वाटतं बोलावलंय.” चौकशीबाई नव्या नोकरीवर आल्यासारख्या “हो, हो” म्हणत होत्या. वन्संनी आपल्या चपला काढल्या तेव्हा चौकशीबाईंनी त्या उचलून आपल्या मांडीवरच ठेवल्या.

एका बाजूला नात आणि दुसऱ्या बाजूला मुलगा, असे वन्संना धरून पाण्याकडे निघाले. मागे यजमान आणि सून. वन्सं थोडं चालल्या की मागे वळून बघत होत्या. समुद्राकडे पाठ, नजर पिशव्यांवर. नात त्यांना पुढे ओढत होती.

मी चौकशीबाईंजवळ सतरंजीवर बसले. आमच्यासमोर वाळू थोडी वर चढत गेली होती आणि मग पाण्याकडे उतरत होती. चालताना तो चढ जाणवतही नाही. आमची माणसं त्या चढावरून पलीकडे उतरली. आधी पाय दिसेनासे झाले, मग कमरा, मग डोकी. वर पाण्याची एक बारीक निळी पट्टी उरली आणि आकाश.

“बाई, तुम्हाला दिसतायत का हो त्या?”

“नाही.”

त्या सतरंजीवर या टोकाला सरकल्या, त्या टोकाला सरकल्या. मान उंच केली. मग उभ्या राहिल्या. उभं राहिल्यावर दिसत होतं सगळं. खाली बसल्या. पुन्हा काही नाही. पुन्हा उठल्या, पुन्हा बसल्या. एवढ्या वर्षांत त्या या जागी बसल्या नव्हत्या असं नाही. पण ते जेवायला, डब्यांकडे तोंड आणि समुद्राकडे पाठ करून.

“इथून काहीच दिसत नाही,” त्या म्हणाल्या.

“मी पाण्यातून यायचे आणि विचारायचे, वन्सं, पाहिलंत का? लाटेने याला कसा पाडला? त्या म्हणायच्या, पाहिलं तर! किती हसले मी! आणि खरंच हसायच्या हो. इतकं खरं हसायच्या.” चेहऱ्यावर चपराक बसावी तशा त्या लाल झाल्या होत्या. “मला अपराधी वाटू नये म्हणून. आणि मला तर तसं वाटतही नव्हतं.”

वन्सं लवकरच परत आल्या. त्यांना फार वेळ उभं राहवत नाही. कपडे खालून भिजलेले आणि पायांना वाळू. मुलाने त्यांना सतरंजीवर बसवलं आणि तो पुन्हा पाण्याकडे पळाला.

“खारट आहे,” वन्सं धापा टाकत म्हणाल्या. “बोट बुडवून बघितलं. म्हणतात ते खरं आहे.”

चौकशीबाईंनी वर बघितलं नाही. “वन्सं, इथून काही दिसत नाही.”

चपलांची एक जोडी चुकली होती, ती वन्संनी नीट लावली. “ऐकू येतं की सगळं,” त्या म्हणाल्या. “सवय झाली की कोण पडलं, कोण हसलं, कळतं. उठा आता. तुम्ही जा. मी आहे ना.”

चौकशीबाई उठल्या नाहीत. मला वाटतं, त्यांना उठताच आलं नाही. वन्संच्या कोरड्या चपला त्यांच्या मांडीवर तशाच होत्या आणि त्यांनी त्या दोन्ही हातांनी घट्ट धरल्या होत्या.

तेवढ्यात चढाच्या पलीकडून नातीची हाक आली. “आजी! आजी, बघतेस ना?”

हाक चौकशीबाईंसाठी होती. त्या नुसत्या त्या निळ्या पट्टीकडे बघत राहिल्या.

“बघतेय गं, बघतेय!” वन्सं ओरडल्या. त्या तेव्हा टोपीतले चष्मे सारखे करीत होत्या, मानही वर केली नव्हती. “किती छान!”