दामूभाऊंचा समुद्र

दामूभाऊंच्या घरात शिरायचं तर आधी हात हुंगू द्यावे लागत. दारात उभं राहायचं, दोन्ही तळवे पुढे करायचे, आणि हा सहा फुटी निवृत्त बँक अधिकारी वाकून, डोळे मिटून त्यांचा वास घ्यायचा. "खोबरेल लावलं ना गा? जा, बेसिनवर जा. कोपरापर्यंत धू." डास पळवणारं मलम लावून आलेल्या सख्ख्या जावयाला त्यांनी जिन्यातच चहा पाजून परत पाठवलं होतं. मी शेजारी, माझं जाणं रोजचं. माझे हात तर त्यांनी इतके धुवून घेतले की भाग्यरेषा पुसट झाली. ज्योतिषी आता माझा हात पाहतो आणि दक्षिणा परत करतो.

कारण आत समुद्र होता.

नागपुरात समुद्र! इथून कोणत्याही दिशेला पळत सुटा, चपला झिजतील पण लाट दिसायची नाही. अशा गावात, सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, भिंतभर काचेची पेटी आणि तिच्यात खारं पाणी. श्वास घेतल्यासारखे उघडमीट करणारे जिवंत प्रवाळ, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे ओढलेले जोकर मासे, मिशा परजणारा एक लालपाठ्या झिंगा, काच चाटत हिंडणाऱ्या गोगलगायी. मे महिन्यात आमच्या गल्लीत पापड वाळत घातला तर तळूनच उचलावा लागतो. त्या दिवसांत दामूभाऊंच्या माशांना एसी होता. अख्खी गल्ली 'मासे पाहायला' म्हणून यायची आणि सतरंजीवर घोरत पडायची. "झोपा गा," दामूभाऊ म्हणत, "पण काचेवर टकटक करू नका. तुमच्या डोक्यावर कोणी टकटक केलं तर चालते काय?"

लोकांना वाटे, म्हाताऱ्याची हौस. हौस नव्हती ती. त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, विसरू लागल्या होत्या. आधी भाजीतलं मीठ, मग पेटता गॅस, मग पोटच्या लेकीचं नाव. दार उघडं दिसलं की त्या नवऱ्याला शोधायला निघत. एकदा सीताबर्डीच्या गर्दीत सापडल्या, अनवाणी, प्रत्येक उंच माणसाच्या तोंडाकडे निरखून पाहताना. डॉक्टरांकडे बाहेरच्या खोलीत माशांची पेटी होती. तिच्यासमोर त्या सगळा वेळ गप्प बसल्या, एका जोकर माशाला पाहून हसल्यादेखील. दामूभाऊंनी तिथल्या तिथे ठरवलं.

"गोड्या पाण्यातले मासे आणा की, सोपं जाईल," मी म्हटलं होतं.

"आणले होते. ते पाहून हसत नाही ना गा ती."

संपलं. मिठाच्या गोण्या आल्या, पाणी फिरवणाऱ्या मोटारी आल्या, निळे दिवे आले. वहिनी पेटीसमोरच्या खुर्चीत बसू लागल्या आणि दाराकडे जायच्या थांबल्या. फक्त एक झालं. दिवसभर पेटीत हात घालून बसलेल्या त्या उंच माणसाला त्या 'मासेवाले भाऊ' म्हणू लागल्या. दामूभाऊ ओ द्यायचे.

मग एका चैत्रात समुद्र आजारी पडला. सकाळी झिंगा उताणा पडलेला, मिशा अजून हलत होत्या. दुपारपर्यंत गोगलगायी काचेवरून गळून वाळूत पडल्या. संध्याकाळी प्रवाळांनी तोंडं मिटली. जोकर मासे मात्र ठणठणीत. दामूभाऊ मला म्हणाले, "मासा कण्हत नाही, ताप आला म्हणत नाही. त्याच्यासाठी पाणीच बोलते. ते आपल्याले ऐकता आलं पायजे."

आणि ते ऐकायला बसले. खारटपणा मोजला, बरोबर. उष्णता मोजली, बरोबर. मेलेल्या जिवांनी पाणी नासतं, म्हणून तेही पाहिलं. अर्धं पाणी बदललं. पाण्याच्या इतक्या तपासण्या झाल्या की तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या समस्त मधुमेह्यांची रक्तं तपासून झाली असती. उदबत्ती बंद झाली, फोडणी बंद झाली. शेजारी या नात्याने माझ्या घरची फोडणीही बंद करण्यात आली. तरी नवा आणलेला झिंगा दुसऱ्या दिवशी उताणा.

"आता पाहा," दामूभाऊ बोट नाचवत म्हणाले, "माशाईले काही नाही. कवचवालेच मरून राहिले. काहून?"

"काहून?" मी विचारलं.

"तांबं! तांबं माशाले सोसते, झिंग्याले सोसत नाही." त्यांनी काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले. पाण्याला रंग चढला. मग त्यांची नजर हळूहळू माझ्या मनगटावर आली. तिथे माझं तांब्याचं कडं होतं.

"काढ."

"दामूभाऊ, संधिवातासाठी आहे ते. आणि मी पेटीत हात घातला कधी?"

"तुया संधिवात माह्या झिंग्याले भोवला. काढ म्हणतो ना!"

ते कडं पिशवीत बांधून बाल्कनीत टांगलं गेलं, फाशी दिल्यासारखं. मोटारी उघडून प्रत्येक तार तपासली. तांब्याची लोटी माळ्यावर गेली. तरी नळीतला रंग रोज गडदच.

एका दुपारी आम्ही आतल्या खोलीत चहा घेत होतो. मधलं दार अर्धं उघडं होतं, त्यातून पेटी दिसत होती. वहिनी खुर्चीतून उठल्या. पदराची गाठ सोडली, काहीतरी काढून कपाळाला लावलं, पेटीचं झाकण सरकवलं आणि आत सोडलं. मग हात जोडले.

"कन्हान माय, आमचे हे अजून घरी आले नाहीत. सुखरूप आण वं माय त्याईले."

वहिनींचं माहेर कन्हान नदीपल्याड. पुलावरून जाताना नदीला पैसा वाहायचा, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं. बस कितीही जोरात असो, खिडकीतून हात बाहेर जायचा आणि ओठ हलायचे. नवरा, लेक, घर सगळं पुसलं गेलं, पण पाणी दिसल्यावर काय करायचं ते उरलं होतं. आणि देवघरातल्या डबीत पूजेचे जुने तांब्याचे पैसे होते.

दामूभाऊंनी कप खाली ठेवला. म्हणाले, "माह्यासाठीच मागून राहिली गा."

मी तोंडाळ माणूस, लगेच अक्कल पाजळली. म्हटलं, डबीत आताचे स्टीलचे रुपये ठेवा, झालं काम. त्यांनी तेही करून पाहिलं. वहिनींनी नाणं बोटांत फिरवलं, "हे खोटं आहे," म्हणाल्या आणि ठेवून दिलं. दुपारभर त्या खरा पैसा शोधत घर उलथत राहिल्या आणि संध्याकाळी जिना उतरून गल्लीच्या टोकाला पोचल्या. आमच्या पानवाल्याने त्यांना परत आणलं. त्या रात्री दामूभाऊंनी तांब्याचे पैसे पुन्हा डबीत ठेवले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाळू चाळली. हिरवट पडलेले पैसे निघाले, पण तांबं पेटीतल्या दगडांत मुरलं होतं. सदरच्याच एका मासेवाल्या दुकानदाराला बोलावून त्यांनी उरलेले प्रवाळ दिले. मागून जोकर मासेही दिले, कारण तांब्याची मात्रा वाढत गेली असती तर तेही वाचले नसते. ज्या माणसाने नुसत्या मलमाच्या वासावरून जावई अडवला होता, तो आपल्या हाताने समुद्र रिकामा करत होता, आणि मी पिशव्या धरत होतो.

"आणि वहिनी? मासे नाही दिसले तर?"

"पाणी आहे ना. तिले नदी पायजे होती गा. मीच समुद्र आणून बसलो."

पेटीत नुसतं पाणी राहिलं, निळा दिवा आणि मोटारीची लाट. वहिनी पहिल्यासारख्या हसत नसत, पण दाराकडेही जात नसत. रोज दुपारी पैसा पडे. रोज संध्याकाळी दामूभाऊ बाही सरसावून तो काढत, चिंचेने घासत, पुसत आणि डबीत ठेवत. माझे हात हुंगणं त्यांनी सोडून दिलं. मी सवयीने तळवे पुढे केले की म्हणत, "ये गा, आता काही धोका नाही." ते ऐकण्यापेक्षा कोपरापर्यंत धुतलेलं बरं होतं.

मागच्या वैशाखात, भर दुपारी, काच पुसता पुसता ते खाली बसले आणि आडवे झाले. डॉक्टर आले, मान हलवून गेले. गल्ली गोळा झाली. लेक कामठीहून धावत आली आणि बापाच्या छातीवर पडून रडू लागली. वहिनी खुर्चीतच होत्या. घरातल्या एवढ्या रडारडीने त्या बावरल्या नाहीत. वाकून त्यांनी दामूभाऊंच्या कपाळावरचे केस नीट केले, परक्या माणसाचे करावेत तसे, जपून. मग माझ्या बाहीला धरून मला जवळ ओढलं.

"भाऊ, हे मासेवाले भाऊ लय भले होते गा," त्या हळूच म्हणाल्या. "ह्याईच्या घरी कोणी कळवलं काय? बायको वाट पाहून राहिली असन."