आबांची गोळी आणि व्याह्यांचं पाणी

आमच्या व्याह्यांना साखरेचा आजार नाही. हे मला माहीत आहे, त्यांना नाही. का, ते मी आजवर कुणालाच, बायकोलासुद्धा, सांगितलेलं नाही.

सुरुवात माझ्या वडलांनी, आबांनी केली. बीपीच्या गोळ्या त्यांनी बंद केल्या. "पोटात इरघळतच न्हाईत. चाललो की खुळखुळत्यात," म्हणाले. आता आमच्या पासली गावात बसून माणसाच्या पोटात डोकवायचं कसं? म्हणून मी ओसरीवर स्टीलच्या तीन ग्लासांत पाणी घेतलं आणि शर्यत लावली: कॅल्शियमची गोळी, पित्ताची कॅप्सूल आणि आबांची बीपीची, लघवी वाढवणारी, छोटी गोळी. कॅल्शियमवाली तळाशी खड्यासारखी बसली. कॅप्सूल (आबांसारखीच) फुगून राहिली. बीपीवाली मात्र बघता बघता नाहीशी! तो ग्लास आबांना दाखवायला उचलला, तेवढ्यात वरवे गावचे पाहुणे दारात. माझ्या मुलीचे होणारे सासरे, लग्नाची तारीख धरायला आलेले.

आमच्याकडं पाहुणा पायरी चढला की हात आपोआप पाणी पुढं करतो. माझ्याही हातानं केलं. त्यांनी मान वर करून, ओठ न लावता, घटाघटा ग्लास रिकामा केला. आणि मी काय बोललो? "बसा."

गप्पा रंगेस्तोवर ठीक होतं. मग पाहुणे तारखेचा विषय काढायचे आणि उठून परसात जायचे. परत आले की पुन्हा तारीख, पुन्हा परस. बायकोनं मला आत ओढलं. स्थळ मोडायला आलेत वाटतं, धड बसत पण नाहीत, म्हणून तिचे डोळे भरले. खरं सांगावं, तर पोरीच्या बापानं औषध पाजलं म्हणून लग्न मोडायचं! मी तिला चहा टाकायला सांगितलं. आबांनी उरलेले दोन ग्लास न्याहाळले आणि हळूच म्हणाले, "इरघळती बाबा गोळी. पटलं."

शेवटी पाहुणे घामाघूम होऊन टेकले. "आमच्या दादांची साखर अशीच सुरू झाली व्हती," म्हणाले, आणि चहाचा कप मागं सरकवला. "ताई, बिनसाखरेचा द्या."

लग्न झालं. भोरच्या दवाखान्यात त्यांनी साखरेची तपासणीही केली, काही निघालं नाही. पण परसातल्या फेऱ्या काय खोट्या होत्या व्हय, असं त्यांचं म्हणणं. स्वतःच्या पोराच्या लग्नात त्यांनी जिलेबीकडं नुसतं पाहिलं. वाढायला मीच होतो.

आता आबा रोज गोळी घेतात. व्याही आले की फिका चहा पितात आणि मला म्हणतात, "पाव्हणं, तुमी नशीबवान." मी साखर ढवळत मान हलवतो.

त्या माणसाला मी एक खरं वाक्य देणं लागतो. आणि त्यानंतरही ते थांबले, तर एक गोड चहा.