पेटीच्या बरोबर मधोमध

माझ्या वजनाचा कारखान्याला अकरा वर्षं उपयोग झाला आणि मला त्याचा गर्व होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं लाजायचं काम थोडं कमी होईल.

रायपूरजवळ उरल्याला वीजघरांसाठी मोठे पॅनल बनवायचा एक कारखाना आहे. पॅनल म्हणजे लोखंडी कपाटच समजा, फक्त आत साड्यांऐवजी ब्रेकर आणि तांब्याच्या जाड पट्ट्या असतात. मी तिथं पॅकिंगला होते. बीरगांवातून पायी जायचं, पॅनलला प्लास्टिक गुंडाळायचं, भोवती फळ्या ठोकून पेटी तयार करायची आणि पेटीवर काळ्या रंगानं खुणा मारायच्या. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण या कामाला तेवढंही लागत नाही असं मला वाटायचं. खुणांचे पत्र्याचे साचे होते. छत्री म्हणजे पाऊस लागू देऊ नका. काचेचा पेला म्हणजे सांभाळा. बाण म्हणजे ही बाजू वर. आणि चौथा साचा गोलाचा, त्यात फुली.

माझ्या आधी हे काम करणारी बाई गावी निघून गेली. जाताना तिनं साचे माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "छतरी, गिलास, तीर. और ये गोला भी मार देना." कुठं मारायचा ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला वाटलं, कंपनीचा शिक्का असेल. शिक्का शोभेल तिथं मारावा. टिकली कपाळाच्या मधोमध शोभते, म्हणून मी गोल पेटीच्या मधोमध मारायला लागले. अंदाजानं नाही हं. सुतळी घ्यायची, पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायची, दुमडायची, आणि दुमड येईल तिथं खूण. चारी बाजूंना. बोटभर इकडं नाही, बोटभर तिकडं नाही. माझ्यासारखा गोल अख्ख्या उरल्यात कोणी मारत नाही, असं मी आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सांगत असे. बाया हो म्हणायच्या. त्यांना काय कळतंय.

आता वजनाची गोष्ट. पेट्या उचलायला फोर्कलिफ्ट होती. तिच्या पुढं दोन लांब लोखंडी फोर्क असतात, ते पेटीखाली घालायचे आणि उचलायचं. मागं एक मोठा लोखंडी ठोकळा असतो, पुढच्या मालाला तोल म्हणून. पण कधी कधी पेटी एवढी जड निघायची की मागची चाकंच जमीन सोडायची. तेव्हा आमचा जुना ड्रायव्हर ओरडायचा, "मौसी को बुलाओ!"

कारखान्यात मला सगळे मौसी म्हणायचे आणि सगळ्यांत जड मीच होते. मी पदर खोचून यायची, कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून ठोकळ्यावर चढायची आणि बसायची. कधी जोडीला आणखी दोघं. मागची चाकं खाली टेकायची, गाडी हळूहळू चालायची, आणि मी वरून वरात बघितल्यासारखी बघत जायची. कामाच्या वेळेत बसायला मिळणारी ती एकच जागा होती. उतरल्यावर पहिला चहा मला. घरी नवरा हयात असताना माझ्या जाडपणावर बोलायचा, तर मी म्हणायची, "तुमचं काय जाते? कंपनीले लागते माझं वजन."

मग माझ्या सुनेनं फोर्कलिफ्ट चालवायचं शिक्षण घेतलं.

ती बारावी पास. लहानपण इथलंच, रायपूरचं, मराठी सगळं कळतं पण उत्तर हिंदीत. सरकारी केंद्रात जाऊन परवाना काढून आली आणि नेमकी आमच्याच कारखान्यात अर्ज करून बसली, कारण जुना ड्रायव्हर काम सोडून चालला होता. मी नको म्हटलं. लोक काय म्हणतील, हे तोंडानं म्हटलं. मनात होतं ते असं की ती दिवसभर बाहेर गेली तर पोळ्या मलाच कराव्या लागतील. तिनं ऐकलं नाही. तेव्हा मी एक काम केलं, जे आजही सांगायला जीभ वळत नाही. सुपरवायझरकडे गेले आणि म्हटलं, "सायब, माझीच सून आहे, पण सांगते. स्कूटीसुद्धा धड लावत नाही."

त्यानं तिला तीन महिने बघू म्हणून ठेवलं. पसंत पडली तर पक्की, नाहीतर घरी.

रोज सकाळी ती गाडीभोवती एक फेरी मारायची. टायर बघायची, साखळी बघायची, तेल, ब्रेक, हॉर्न. पोरं हसायची, "भाभी, नारियल भी फोड़ दो." ती हसायची नाही. गाडीवर एक पत्रा ठोकलेला होता, तो वाचायची. माल किती जड आणि गाडीपासून किती लांब असला तर चालेल, ते त्याच्यावर लिहिलेलं असतं म्हणे. अकरा वर्षं त्या पत्र्यावर मी पिशवी अडकवत होते. कारखान्यात ती मलाही सगळ्यांसारखं मौसीच म्हणायची. आई फक्त घरी.

तीन महिन्यांतले शेवटचे दोन-तीन दिवस उरले होते. दुपारी ट्रेलर येऊन उभा राहिला. चार पेट्या चढवायच्या होत्या. तीन पेट्या तिनं चढवल्या. चौथी सगळ्यांत मोठी. ती खाली उतरली, पेटीच्या बाजूला माझा गोल होता तो बघितला, टेपनं काहीतरी मोजलं, पत्र्याशी ताडून पाहिलं आणि गाडीवर चढली. फोर्क पूर्ण आत घातले. चार बोटं उचललं आणि थांबली. मागची चाकं उठली. तिनं लगेच पेटी खाली ठेवली.

सुपरवायझर आला. "क्या हुआ?"

"हिसाब से उठना चाहिए था, सर. कुछ गड़बड़ है."

"गड़बड़ कुछ नहीं. मौसी को बुलाओ!"

मी तयारच होते. तीन महिन्यांत एवढी जड पेटी निघाली नव्हती, म्हणून एकदाही बोलावणं आलं नव्हतं. पदर खोचला, चढले, ठोकळ्यावर ऐसपैस बसले आणि हाताने खूण केली, चल. सुनेनं वळून पाहिलं. चावी फिरवून गाडी बंद केली.

"मौसी, उतरो."

"काहून? मी काय आज पहिल्यांदा बसून राहिली का?"

"आदमी बैठाकर नहीं उठाऊँगी."

"मी आदमी नाही, सासू आहे तुही. चालू कर."

पोरं हसली. ती खाली उतरून माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ये गाड़ी पीछे के पहियों से मुड़ती है. पहिया हवा में, तो स्टेअरिंग किस काम का? और आगे से माल फिसला, तो पीछा धाड़ से नीचे आएगा. आप बोरे की तरह उड़ोगी. उठाकर कौन ले जाएगा आपको?"

हे शेवटचं मला फार लागलं. मी उतरले नाही. बसून राहिले.

सुपरवायझरनं घड्याळ बघितलं. "देख, ट्रेलर खड़ा है. तुझसे नहीं होता तो बोल दे, बाजू की कंपनी से ड्राइवर बुला लेता हूँ. पर फिर तू सोमवार से मत आना." मग माझ्याकडे हात करून म्हणाला, "तेरी सास ने पहले ही बोला था, इससे स्कूटी भी नहीं लगती."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मग ती चावी मुठीत धरून पेटीजवळ गेली आणि माझ्या गोलावर बोट ठेवून म्हणाली, "सर, ये निशान बताता है वजन का बीच कहाँ है. मैंने इसी से नापा. ये निशान किसने लगाया? ड्रॉइंग देखकर लगाया?"

वजनाचा मध्य. मी ठोकळ्यावर बसल्या बसल्या ते ऐकलं. म्हणजे तो शिक्का नव्हता.

ड्रॉइंग मला माहीत होतं. प्रत्येक पॅनलबरोबर एक कागद यायचा, प्लास्टिकच्या पाकिटात. तो मी नीट घडी करून पॅनलच्या आत दाराला चिकटवायची. मग वरून फळ्या ठोकायची.

आता खरं सांगते. त्या वेळी मी गप्प बसू शकले असते. खुणा मीच मारते हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण चूक आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. गप्प बसले असते तर सून सोमवारपासून घरी, पोळ्या तिच्या हातच्या, आणि माझी ठोकळ्यावरची जागा कायम. मला हवं होतं ते सगळं तिथं मांडून ठेवलेलं होतं. आणि माझ्या मनात चांगुलपणा दाटून आला असंही नाही. मी खाली पाहिलं. जमीन चांगली लांब होती. दुसरा ड्रायव्हर आला असता, त्यानं मला बसवूनच पेटी उचलली असती, आणि मी आता हे ऐकून बसले होते. बोऱ्यासारखी उडायचं वय माझं राहिलं नव्हतं. त्यात ती स्कूटीची गोष्ट. ती स्कूटी नीटच लावते. वाकडी मीच पाडली होती, टेकून उभी राहताना.

"सायब," मी म्हटलं, "तो गोला मीच मारते. सुतळीनं. बरोबर मधोमध."

"मधोमध? क्यों?"

"चांगला दिसते म्हणून."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"सब पेटियों पर?"

"हव. सगळ्या."

"कब से?"

मी अकरा वर्षं म्हटलं. सुपरवायझरनं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली. मग कोणालातरी टेस्टिंगमध्ये पळवून त्या पॅनलच्या ड्रॉइंगची दुसरी प्रत मागवली. सुनेनं ती पेटीवर पसरली. पॅनलच्या आत ब्रेकर एकाच बाजूला होते, आणि ती बाजू गाडीपासून लांब पडत होती. जड सगळं फोर्कच्या टोकाला, हलकं सगळं गाडीजवळ. तिनं खडूनं नवी फुली काढली. माझ्या गोलापासून तीन वीत लांब.

म्हणजे हिशेब असा की जुना ड्रायव्हर पेटी ज्या तोंडानं उभी असेल त्या तोंडानं उचलायचा. कधी जड बाजू जवळ यायची, तेव्हा सगळं ठीक. कधी लांब जायची, तेव्हा चाकं उठायची आणि मौसीला बोलावणं. माझा गोल बरोबर असता तर एक नजर टाकून त्याला कळलं असतं कोणत्या बाजूनं उचलायचं. अकरा वर्षं मी माझ्याच चुकीवर बसून मिरवत होते, आणि वरून पहिला चहा घेत होते.

"अब तो उतरो, मौसी," सून म्हणाली.

चढताना सगळे हात देतात. उतरताना कोणी दिला नाही. मी पोटावर घसरत उतरले.

तिनं गाडी वळवून पेटीच्या दुसऱ्या बाजूला नेली. फोर्क पूर्ण आत. पेटी गाडीच्या उभ्या खांबांना टेकवली, पट्ट्यानं बांधली. आम्हा सगळ्यांना हातानं लांब जायला सांगितलं आणि आम्ही जाईपर्यंत हात लावला नाही. चार बोटं उचललं. थांबली. मागची चाकं जमिनीवर. पेटी थोडी मागं झुकवली आणि पेटीनं समोरचं दिसत नव्हतं म्हणून गाडी उलटी चालवत, मान मागं वळवून, हॉर्न देत ट्रेलरपर्यंत नेली. मी तिच्या चाकांकडे बघत होते. एकदाही उठली नाहीत. खोटं कशाला सांगू, एकदा उठावीत असं वाटलं.

सोमवारी सुपरवायझरनं तिच्या कागदावर सही केली. मला म्हणाला, "मौसी, अंगणात सात पेट्या उभ्या आहेत त्यांचं काय?" हे तो मराठीत म्हणाला. इतक्या वर्षांत त्याला मराठी बोलताही येतं हे मला त्या दिवशी कळलं, म्हणजे त्याच्यासमोर मी मराठीत पुटपुटायची तेही सगळं त्याला समजत होतं.

सातही पेट्यांच्या फळ्या उचकटून आतले कागद काढले. सून कागद धरून सांगायची, मी जुना गोल खरवडून नवा मारायची. रस्त्यानं निघून गेलेल्या पेट्यांचं काय, हे मी विचारलं नाही. सुपरवायझर दोन दिवस फोनवर होता.

फोर्कलिफ्टच्या वाटेवर आता जमिनीवर पिवळा पट्टा मारला आहे. गाडी चालू झाली की सून हॉर्न देते आणि माझ्याकडे बघते, आणि मी पट्ट्याच्या मागं जाते. चहा मला सगळ्यांबरोबर मिळतो. पोळ्या मी करते. दोघी बरोबर घरी येतो तरी मीच करते, कारण ती आल्यावर हातपाय धुऊन बसते आणि म्हणते, "आई, आज ग्यारह पेटी चढ़ाई," आणि मी कणकेची परात पुढं ओढते.

नवे गोल मला अजून आवडत नाहीत. एका कोपऱ्याला सरकलेले, जसे कोणी धक्का दिल्यावर लागलेले. परवा एका पेटीवर मी कागद बघून, दोनदा मोजून गोल मारला आणि तिला बोलावलं. तिनं पेटी पाहिली, माझ्या हातातला कागद पाहिला, आणि कागद फिरवून सुलटा करून पुन्हा माझ्या हातात दिला.

मी पत्र्याचा तुकडा घेतला आणि गोल खरवडायला लागले.