पहिला प्रसाद झोपलेल्याला

देवळाबाहेर हार विकणाऱ्या बाईकडे संध्याकाळी दोन गोष्टी उरतात. एक न विकलेली फुलं आणि दुसरे किस्से. फुलांचं बरं असतं, रात्रीत सुकतात. किस्से सुकत नाहीत. टोपलीच्या तळाशी साठत जातात, आणि कोणी शेजारी जरा टेकलं की मी ओंजळभर काढून देते. तुम्ही टेकलाच आहात, तर ऐका. नसेल ऐकायचं तर पुढे व्हा, गिऱ्हाईक अडतं.

माझी जागा नारायण पेठेतल्या एका गल्लीत, मुरलीधराच्या देवळाच्या पायरीला लागून. देऊळ एवढंसं. आत माणसं दाटीने बसली तर शेवटचा माझ्या टोपलीत बसेल. रोज दुपारी चारला पुजारी अण्णा पोथी वाचतात. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण वाचता मलाही येतं. तरी अण्णांनी वाचलेली पोथी वेगळी. ती आपल्याच गल्लीत घडल्यासारखी वाटते. एक पान वाचायचं, चष्मा कपाळावर ढकलायचा आणि देवाची जरा थट्टा करायची, ही त्यांची रीत.

कोणी नाक मुरडलं की म्हणतात, "थट्टा घरच्या माणसाची करतात. पाहुण्याची करतं का कोणी?"

* * *

दुपारची वेळ, थंड फरशी, वर पंखा. डोळा लागणारच. दुसरीकडे झोपलेल्याला कोपर मारून उठवतात. आमच्याकडे उठवायचं नाही, असा दंडक. उलट पोथी संपली की पहिला प्रसाद झोपलेल्याला! अण्णांचं म्हणणं, ज्याला देवाजवळ झोप लागते त्याचा विश्वास जास्त. जागे असतात त्यांचं अर्धं लक्ष चपलांकडे.

पण प्रसाद असाच मिळत नाही. हातावर ठेवताना अण्णा विचारतात, "काय म्हणाला देव?" आणि काहीतरी सांगावंच लागतं.

आमच्या गल्लीतली कमल मंडईतून भाजी घेऊन परस्पर पोथीला येते आणि मेथी निवडत ऐकते. एकदा मेथीची काडी हातात तशीच आणि बाई गाढ. उठल्यावर अण्णांनी विचारलं. कमल डोळे चोळत म्हणाली, "म्हणाला, गॅस बंद करून आलीस का?"

सगळे हसले. कमल मात्र हसता हसता थांबली, उठली आणि अनवाणी पळत सुटली. वरणाचा कोळसा झाला होता. बाकी घर जागेवर होतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "देव सांगत असतो हो. जागेपणी आपणच त्याला बोलू देत नाही."

* * *

एक गृहस्थ आले. शर्टाला कडक इस्त्री, चेहऱ्याला त्याहून कडक. माझ्याकडून मोगऱ्याचा हार घेतला, नाकाला लावला आणि छाती भरून वास घेतला. मग म्हणाले, ताजा वाटत नाही.

मी म्हटलं, "वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही. आता हा हार तुमचा."

ते म्हणाले, दुसरा द्या. म्हटलं, देते की, पण आधी हा गळ्यात घाला, माझा मोगरा फेकायला नाही उमललेला. माझा आवाज असा आहे की माणूस आधी ऐकतो आणि मग विचार करतो. एक हार गळ्यात, दुसरा हातात, असे ते आत गेले.

अण्णांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, चष्मा वर ढकलला आणि हात जोडले. "या, या. बरं झालं बाहेर पडलात. मूर्तीत किती दिवस उभं राहायचं माणसाने!"

गृहस्थ आधी गोरेमोरे झाले. मग असे हसले की इस्त्री मोडली. आता दर गुरुवारी येतात. हार घेताना मान पार दुसरीकडे वळवतात, चुकून नाकात वास जायला नको.

* * *

देवळासमोर शकीलाभाभींचं बांगड्यांचं दुकान आहे, त्यांच्या सासऱ्यांपासूनचं. गोकुळाष्टमीला पाळण्यातल्या बाळकृष्णाच्या मनगट्या त्यांच्याच दुकानातून येतात. त्या स्वतः आणून देतात, नोकराच्या हाती पाठवत नाहीत.

एका अष्टमीला अण्णांना म्हणाल्या, "अण्णा, मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून हेच माप देतेय. तुमचं पोरगं वाढतच नाही."

अण्णा म्हणाले, लोणी तर भरपूर खातो.

"तेच म्हणते मी. खातो आणि अंगाला लागत नाही. जंत असतील. औषध द्या."

पाळण्याची दोरी धरलेल्या बायका इतक्या हसल्या की पाळणा तिरका झोके घ्यायला लागला.

पुढच्या अष्टमीला भाभींनी मनगट्या आणल्या त्या चांगल्या एक माप मोठ्या. अण्णांनी घालून बघितल्या तर हातातून गळून पडत होत्या. भाभी म्हणाल्या, "असू दे. लेकरांना वाढत्या अंगाचंच घ्यावं."

अण्णांनी वाद घातला नाही. माझ्याकडून हाराचा दोरा घेतला आणि मनगट्या बांधून घातल्या. अजून त्याच आहेत. बघा आत जाऊन.

* * *

आमच्याच गल्लीत राहणारी, आयटीत काम करणारी एक मुलगी आहे. तिने सासूबाईंना साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन गाभाऱ्यासमोर धरला. सासूबाईंनी दर्शन घेतलं, डोळे मिटले, उघडले आणि म्हणाल्या, "अगं, देवाच्या मागे जळमटं दिसतायत."

सून बिचारी लाजेने अर्धी झाली. मला वाटलं अण्णा चिडतील. अण्णांनी कोपऱ्यातला लांब झाडू घेतला आणि फोनकडे तोंड करून म्हणाले, "वहिनी, ठेवू नका. आणखी कुठे कुठे दिसतंय तेवढं सांगा."

बाईंनी साताऱ्यातून अख्खा गाभारा झाडून घेतला!

* * *

या सगळ्यात मोठ्याने हसणारा माणूस म्हणजे आप्पा. पुरुषांच्या बाजूला पुढचा खांब त्यांचा. बसायचे पाठ टेकून, आणि अण्णा वाचतायत की आप्पा बोलतायत ते बाहेरून कळायचं नाही. पोथीत कृष्णाने करंगळीवर डोंगर उचलला की आप्पा विचारणार, "अण्णा, आणि त्या करंगळीला खाज सुटली तर?"

अण्णा शांतपणे सांगायचे, "म्हणून तर गोपाळांनी खालून काठ्या लावल्या होत्या. तुम्हाला काय वाटलं, टेकू होता?"

आप्पांचं हसणं गल्लीच्या तोंडापर्यंत जायचं. शकीलाभाभी दुकानातून विचारायच्या, आज काय झालं म्हणून. आणि बायकांच्या बाजूने आप्पांच्या बायकोचा, नलूताईंचा आवाज यायचा, "अहो, देवाला तरी बोलू द्या."

नलूताई शाळेत शिकवायच्या. रिटायर झाल्या तरी पाठ तशीच ताठ, आणि हसणं म्हणाल तर खडू जपून वापरावा तसं. आप्पांच्या बडबडीवर रोज वैतागायच्या आणि रोज त्यांच्यासोबतच यायच्या. पोथीला आप्पा कधी झोपले नाहीत. बोलण्यातून वेळ मिळाला तर ना!

गेल्या उन्हाळ्यात आप्पा गेले. सकाळी चहा पिताना, बोलता बोलता.

* * *

नलूताई महिन्याभराने पुन्हा यायला लागल्या. बायकांच्या बाजूला बसेनात, आप्पांच्या खांबाला जाऊन टेकल्या. पुरुषांनी सरकून जागा दिली. चेहरा मात्र बघवत नव्हता. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. कमल त्यांच्या शेजारची, ती सांगायची की बाईंच्या खोलीतला दिवा रात्रभर चालू असतो, झोप म्हणून नाही.

आणि एक दिवस कळलं की त्यांनी सेक्रेटरींकडे तक्रार केली. देवळात पोथी चालते की तमाशा, म्हणाल्या. सेक्रेटरी म्हणजे देवळाचं सगळं बघणारे, वाईट माणूस नाही, पण त्यांना शिस्त लागते. त्यांनी अण्णांना सांगितलं, सोमवारपासून पोथी स्पीकरवर लावू, चांगल्या गंभीर आवाजातली. तुम्ही पूजा बघा, वाचनाचा त्रास घेऊ नका.

अण्णा बरं म्हणाले. अण्णांच्या घरी बोलायला कोणी नाही. त्यांचा दिवस चारला उजाडतो, हे गल्लीतल्या मांजरालाही माहीत. ती चारची पोथीच काढून घेतल्यावर माणसाने काय करायचं?

तेव्हापासून अण्णा सरळ वाचायला लागले. चष्मा नाकावरच. देव आला, देव बोलला, देव गेला. दोन दिवसांनी कमलने मेथीतून मान वर करून विचारलं, "अण्णा, देव आजारी आहे का?"

कोणी हसलं नाही.

माझं डोकं फिरलं. टोपली तशीच टाकून मी नलूताईंच्या घरी गेले. दारातच म्हटलं, "ताई, तुम्हाला हसू येत नाही तर नका हसू. दुसऱ्याच्या तोंडाला कुलूप का लावता?"

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "मंदाबाई, सगळे हसले की मला एक हसणं कमी पडतं. तेच शोधत बसते. मग रात्रभर शोधते."

मी भांडायला गेले होते. केसातलं चाफ्याचं फूल त्यांच्या हातावर ठेवून परत आले.

* * *

अण्णांच्या वाचनाचा शेवटचा दिवस रविवार. सेक्रेटरी संध्याकाळच्या आरतीला स्पीकर घेऊन येणार होते, म्हणजे सोमवारी ऐन पोथीच्या वेळी खोळंबा नको.

अण्णांनी लोणी चोरायचा अध्याय काढला. सरळ वाचत होते, आवाज थोडा बसलेला. नलूताई खांबाला टेकून. मी पायरीवरून बघत होते. आधी त्यांची मान कलली. मग हातातली पिशवी सुटली. मग चक्क घोरायला लागल्या.

कमलने तोंडात पदर कोंबला. अण्णांनी पाहिलं आणि आवाज खाली आणला. मी म्हटलं ना, उठवायचं नाही हा आमचा दंडक. पण अध्याय संपत आला, तशी पंचाईत. पाळणा थांबला की मूल जागं होतं, तसं वाचन थांबलं की त्या उठणार. अण्णांनी क्षणभर विचार केला, पानं मागे उलटली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. कृष्णाने त्या दिवशी दोनदा लोणी चोरलं.

मग तिसऱ्यांदाही चोरलं. यशोदेने तिन्ही वेळा तेवढ्याच प्रेमाने पकडलं.

बाहेर दिवेलागण व्हायला लागली. लोक दर्शनाला येतात ते आधी घंटा वाजवतात. मी उठले आणि फुलांवर टाकायचा ओला फडका घंटेच्या लोलकाला करकचून गुंडाळला. समोर शकीलाभाभींनी रेडिओ बंद केला आणि हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षावाल्याकडे अशी नजर टाकली की त्याने इंजिनच बंद करून रिक्षा ढकलत नेली. आरतीची वेळ झाली, टळली. आत कोणी हललं नाही.

आणि सेक्रेटरी आले. काखेत स्पीकर. सवयीने हात वर केला, घंटा ओढली. भदकन आवाज झाला, उशीवर हात मारल्यासारखा. त्यांनी फडका बघितला, घड्याळ बघितलं, तोंड उघडलं. मी डोळे वटारले आणि आतल्या खांबाकडे बोट केलं.

ते बघत राहिले. तक्रार करणारी बाई तक्रार केली त्याच पोथीला घोरत होती. त्यांनी स्पीकर पायरीवर माझ्या टोपलीशेजारी ठेवला, चपला काढल्या आणि आत जाऊन मागे बसले.

चौथ्या वेळेला मात्र अण्णांचा आवाज लोण्याच्या मडक्यापाशीच संपला. खोकला आला, वाचन थांबलं. नलूताईंनी डोळे उघडले. बाहेर अंधार, सगळे आपल्याकडेच बघतायत. पदर सावरून ताठ बसल्या.

अण्णा उठले. प्रसादाची वाटी घेतली आणि रीतीप्रमाणे पहिल्यांदा त्यांच्यापुढे गेले. हातावर प्रसाद ठेवला आणि थांबले. एकदा सेक्रेटरींकडे पाहिलं, एकदा मुरलीधराकडे. मग चष्मा कपाळावर ढकलला.

"नलूताई, काय म्हणाला देव?"

नलूताईंनी प्रसाद तोंडात टाकला, शांतपणे खाल्ला, आणि म्हणाल्या,

"तो कुठला म्हणतोय! मघापासून आमचे हेच बोलत होते. देवाला मध्ये बोलू देतील तर शपथ."